वॉर्डात हात चालतात, व्हायवात तोंड उघडत नाही

"मॅडम, परीक्षेत मला काही सुचतच नाही, मग उद्या पेशंटसमोर पण असंच झालं तर?" नर्सिंग असो, मेडिकल असो नाहीतर डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, जळगाव-धुळ्याकडची पोरंपोरी हा प्रश्न घेऊन येतातच. म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

मुलगी चोपड्याकडची, बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वडलांची थोडी केळी थोडा कापूस, बारावीपर्यंत मराठी मीडियम आणि घरात अहिराणी. सोबत आई आलेली, मी काही विचारायच्या आत तीच सुरू झाली, "ताई, मनी पोर रातभर जागस, जेवस नही."

पोरीचं दुखणं वेगळंच होतं. वॉर्डात ती चांगलीच तयार, सिस्टर लोक हाक मारून तिलाच बोलावतात, पण ऑस्की आली की संपलं. ऑस्की म्हणजे टेबलाटेबलावर फिरायचं, प्रत्येक ठिकाणी एक काम किंवा एक प्रश्न, ठरलेली मिनिटं संपली की घंटा आणि पुढचं टेबल. सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, तिला सलाईनचं गणित आलं होतं, ५०० एमएल ४ तासांत द्यायचंय, सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना १ एमएलचा, तर मिनिटाला थेंब किती? वॉर्डात हे ती उभ्या उभ्या करते. तिथे पेन धरून नुसती उभी राहिली, घंटा झाली, बाहेर आली आणि जिन्यातच उत्तर आलं, ४२.

मी म्हटलं, बेटा, जिन्यात आलं म्हणजे डोक्यात होतंच की. होतं काय, की भीती वाटली की ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, हात गार पडतात, हे तुम्ही फिजिऑलॉजीत शिकलेलंच असतं पण स्वतःला लावून कोणी बघत नाही. आणि आकडे तात्पुरते धरून ठेवायची मेंदूतली जी थोडीशी जागा असते ती "नापास झाले तर, बाबांनी फी कुठून भरली" यानेच भरून जाते, म्हणून गणित आधी पळतं आणि सवयीची हातकामं बऱ्यापैकी टिकतात. पेशंटचं म्हणाल तर वॉर्डात समोर चार्ट असतो, शेजारी सिस्टर असते, डोस दुसऱ्याकडून तपासून घेता येतो आणि घ्यावाच. इन्सुलिनची व्हायल म्हणजे बाटली एमएलला ४० युनिटची आणि सिरिंज १०० युनिटवाली, ही गल्लत होऊन डोस चुकायची भीती मला घाबरणाऱ्या पोरीपेक्षा बिनधास्त पोराबद्दल जास्त वाटते.

मग अभ्यास कसा करतेस विचारलं. तर रात्री दोनपर्यंत नोट्स, हायलायटर, परत तेच वाचायचं, सोबत चहावर चहा. तोंडाने एक वाक्य बोललेलं नाही, आणि व्हायवा पूर्ण तोंडीच, तोही इंग्लिशमधून! वाचून वाचून ओळखीचं वाटायला लागतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आहे, परत परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनी घेतलेल्या टेस्टमध्ये पुढे होती, पण आठवड्याने स्वतःला आठवायला लावणारी पुढे गेली.

तर ठरलं असं की रोज एक विषय आधी आईला अहिराणीत समजावायचा. तिला हसूच आलं, म्हणे आईला काय कळणार. पण आई कसली ऐकते, तिने उलट विचारलं, "मंग ती सुई फ्रिजमा काबर ठेवतस?" आणि पोरीला इन्सुलिनच्या स्टोरेजचा अख्खा टॉपिक परत उघडावा लागला. मग तेच होस्टेलवर रूममेटसमोर मोडक्या इंग्लिशमध्ये, मोबाईलला घंटा लावून, कारण घंटेचीच धास्ती होती तर घंटा रोज वाजली पाहिजे. सुरुवातीला ती रडली, मधेच सोडून पण दिलं, परत धरलं. श्वासाचं एकच सांगितलं, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, टेबलावरची चिठ्ठी वाचायच्या आधी दोनदा. हे परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा करून उपयोग नसतो, आधीपासून रोज करावं लागतं.

आणखी एक. सिनियरने तिला "हात थरथरायचे थांबतात" म्हणून प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे छातीची धडधड कमी करणारी गोळी, आणून दिली होती. पोरीला लहानपणी दमा होता! दम्यात ही गोळी श्वासनळ्या आवळू शकते, हे फार्मकॉलॉजीत तिने स्वतः लिहिलेलं. हॉस्पिटलात वावरणाऱ्या मुलांना औषधं चटकन मिळतात, म्हणून हे मी प्रत्येकाला खोदून विचारते, आणि गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरने तपासून लिहून दिलेली.

विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला ती पास झाली. एक टेबल पूर्ण गेलं, हात थरथरतच होते, पण पुढच्या टेबलावर जाऊन बोलली.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडालीय, कॉलेजला जायचंच बंद केलंय किंवा जगणं नको वाटतंय, तर परीक्षा संपायची वाट बघू नका, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. रात्री-बेरात्री १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपण उद्याचे नर्स-डॉक्टर, आपण कसा फोन करायचा म्हणून पोरं थांबतात. तुमच्या वॉर्डातला पेशंट असा थांबला असता तर त्याला काय बोलला असतात?