वाचकांचे प्रश्न : ज्युदोचा बेल्ट कधी बदलतो?

ज्युदोच्या बेल्ट-परीक्षांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. दीड वर्ष ज्युदो शिकूनही तिचा बेल्ट पिवळाच आहे. तिच्या मावसभावाला मात्र कराटेत तेवढ्याच काळात निळा बेल्ट मिळाला. सर तिला विनाकारण थांबवत आहेत का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : दहा वर्षांच्या मुलीला दीड वर्षात पिवळा बेल्ट मिळणे यात काहीच उशीर नाही. कराटेशी तुलना तर करूच नये, कारण दोन्हींकडे रंगांचा क्रम, परीक्षांमधले अंतर आणि परीक्षेत पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि मग काळा असा क्रम असतो. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात व त्या उतरत्या क्रमाने मोजतात, म्हणजे काळ्याच्या अगदी अलीकडची पायरी पहिला क्यू असते. काळ्यापासून डॅन सुरू होतात आणि ते चढत्या क्रमाने मोजले जातात.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा रंगीत बेल्ट नव्हतेच. त्यापूर्वीच्या जुजुत्सू या जुन्या जपानी मल्लविद्येच्या घराण्यांत एका परवान्यापासून दुसऱ्या परवान्यापर्यंत अनेक वर्षे जात. शिष्याचा उत्साह टिकावा म्हणून पायऱ्या जवळजवळ असाव्यात, असे कानो यांचे मत होते. त्यांनी १८८३ मध्ये शिरो सायगो आणि त्सुनेजिरो तोमिता यांना पहिला डॅन दिला आणि आजच्या पद्धतीची सुरुवात झाली. रंगांची शिडी मात्र युरोपात वाढली. १९३५ नंतर पॅरिसमध्ये मिकिनोसुके कावाइशी यांनी ती चांगली रुजवली. कोडोकानमध्ये प्रौढ शिष्य आजही पांढऱ्यावरून तपकिरी आणि तपकिरीवरून काळ्या बेल्टकडे जातो. तेव्हा रंग हे शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसावी म्हणून आहेत, आणि ती पायरी पक्की आहे की नाही हे रोज मॅटवर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकालाच ठाऊक असते.

सुरुवातीच्या परीक्षेत मी स्वतः सर्वांत आधी पडणे पाहतो. मागे पडताना हनुवटी छातीशी येते का, हात शरीरापासून फार लांब न जाता मॅटवर सपाट आपटतो का, श्वास रोखला जातो का, एवढ्यावरून बरेच कळते. त्यानंतर समजा ‘ओ-गोशी’ हा कमरेवरून फेकण्याचा डाव आहे. मूल जोडीदाराला आधी पुढे खेचून त्याचा तोल मोडते का, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेते का, आणि फेकल्यावर त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवते का, हे तीन क्षण मी वेगवेगळे पाहतो. पुष्कळ मुले ताकदीने जोडीदाराला उचलतात आणि तो पडतोही, पण तोल मोडलेलाच नसतो. अशा मुलाला पुढचा बेल्ट दिला तर वजनदार जोडीदार समोर आल्यावर त्याच्याच पाठीला इजा होण्याची भीती असते. बाही सोडून देणाऱ्या मुलाला मी पुन्हा तयारीला पाठवतो, कारण पडणाऱ्याचे डोके त्या धरलेल्या बाहीमुळेच जमिनीपासून वर राहते.

म्हणून सरांना एवढेच विचारावे : ‘नारिंगी बेल्टच्या परीक्षेसाठी हिचे नेमके काय कच्चे आहे?’ चांगला प्रशिक्षक डावाचे नाव घेऊन उत्तर देतो. उत्तर न देता केवळ परीक्षेच्या शुल्काचीच चर्चा होत असेल, तर मात्र काळजी करावी. तसेच दर तीन महिन्यांनी सगळ्या वर्गाचा बेल्ट सरसकट बदलत असेल तरीही. काळ्या बेल्टची घाई तर मुळीच नको. कोडोकानमध्येसुद्धा पहिल्या डॅनसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात.

प्रश्न : मी सहा वर्षे तालमीत मातीतली कुस्ती केली आणि आता कॉलेजात ज्युदो करतो. सरावात तपकिरी बेल्टच्या मुलांनाही पाडतो, तरी माझा बेल्ट पांढराच. जिंकणाऱ्याला वरचा बेल्ट का मिळत नाही?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : स्पर्धेत आपल्याला या बेल्टची अडचण सहसा येणार नाही, कारण तिथे गट वजनावर आणि वयावर पडतात. बेल्ट-परीक्षेत मात्र जिंकण्याबरोबर आणखी पुष्कळ काही तपासले जाते.

तालमीतला अनुभव ज्युदोत फार मोलाचा आहे. धोबीपछाड ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याला ‘सेओइ-नागे’ हा खांद्यावरून फेकण्याचा डाव इतरांपेक्षा लवकर येतो, कारण पाठ वळवून आत शिरण्याची भीती त्याची आधीच गेलेली असते. पण पट काढण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल : पायाला हात घालून पाडण्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये कडक बंधने घातली आणि २०१३ पासून ते पूर्ण बंद केले. दुसरा फरक चितपटचा. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो. ज्युदोत पाठीवर जोराने, वेगाने आणि ताबा ठेवून फेकले तर पूर्ण गुण मिळतो, आणि जमिनीवर धरायचे असेल तर २० सेकंद धरून ठेवावे लागते. पैलवानाला पाठ टेकू न देण्याचे शिक्षण असल्यामुळे तो हवेतच अंग पिळून पोटावर किंवा हातावर पडतो. ज्युदोच्या फेकीत हीच सवय खांदा, कोपर निखळवते, म्हणून आपल्याला नीट पडायला नव्याने शिकावे लागेल.

कोडोकानच्या यादीत फेकण्याचे ६८ आणि जमिनीवरचे ३२ असे १०० डाव आहेत. त्यांतले ठरावीक डाव प्रत्येक क्यूसाठी नावानिशी दाखवावे लागतात, आणि आपल्याला सोयीच्या एकाच बाजूने ते करून भागत नाही. कोडोकानमध्ये पहिल्या डॅनसाठी ‘नागे-नो-काता’चे, म्हणजे जोडीदारासह ठरलेल्या क्रमाने दाखवायच्या फेकींचे, पहिले तीन संच विचारतात : हाताचे, कमरेचे आणि पायाचे प्रत्येकी तीन डाव, प्रत्येक डाव उजवीकडून व डावीकडून. यात फेकून घेणाऱ्या जोडीदाराचे काम फेकणाऱ्याइतकेच अवघड असते. केवळ लढतींच्या जोरावर बढती मिळण्याची वाटही आहे. कोडोकानच्या लाल-पांढऱ्या सामन्यांत सलग प्रतिस्पर्ध्यांना हरवणाऱ्याला तिथल्या तिथे वरचा डॅन देण्याची जुनी प्रथा आहे. पण तिथे उतरणाऱ्याला पडता येते, हे गृहीतच धरलेले असते. आपण एका हंगामात दोन पायऱ्या चढलात तरी मला आश्चर्य वाटणार नाही. मात्र पांढऱ्या बेल्टवर असेपर्यंत रोज इतरांकडून मनापासून फेकून घ्या.

प्रश्न : एका छायाचित्रात वृद्ध जपानी शिक्षकांच्या कमरेला लाल-पांढरा बेल्ट दिसला. तो काळ्याच्या वरचा की खालचा? आणि स्त्रियांनाही तो मिळतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वरचा. पहिल्या ते पाचव्या डॅनपर्यंत काळा, सहाव्या ते आठव्यापर्यंत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि नवव्या-दहाव्यासाठी लाल बेल्ट असतो. रोजच्या सरावात हे शिक्षकही पुष्कळदा काळाच बांधतात. या उंचीवर डाव दाखवण्याची परीक्षा मागे पडते आणि ज्युदोसाठी केलेले आयुष्यभराचे काम पाहिले जाते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केइको फुकुदा यांच्या आयुष्यात आहे. कानो ज्यांच्याकडे जुजुत्सू शिकले, त्या हाचिनोसुके फुकुदा यांची ही नात, आणि स्वतः कानो यांची शिष्या. त्यांना १९५३ मध्ये पाचवा डॅन मिळाला आणि तिथेच त्यांची वाट अडली, कारण स्त्रियांना त्यापुढे बढती देण्याची तरतूदच नव्हती. सहावा डॅन त्यांना १९७२ मध्ये मिळाला. मधल्या सगळ्या वर्षांत त्या शिकवत होत्या, अमेरिकेतही; त्यांच्या ज्ञानात कमी काहीच नव्हते, कमी होती ती नियमात, आणि ज्युदोच्या इतिहासातला हा अन्याय स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे असे मला वाटते. कोडोकानने २००६ मध्ये त्यांना नववा डॅन दिला. दहावा २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दिला. कोडोकानचा दहावा डॅन आजवर ज्या १५ जणांना मिळाला, ते सगळे पुरुष आहेत.

प्रश्न : आम्ही मुंबईहून लंडनजवळ राहायला आलो. मुलाचा हिरवा बेल्ट इथे ग्राह्य धरतील का?
— एक पालक, इंग्लंड

उत्तर : क्यूच्या पायऱ्या प्रत्येक देशाची संघटना आपापल्या पद्धतीने ठरवते. ब्रिटनमध्ये मुलांसाठी ‘मोन’ नावाच्या १८ लहान पायऱ्या आहेत आणि पांढऱ्यानंतरचा बेल्ट लाल असतो, त्यामुळे वरच्या उत्तरातल्या लाल बेल्टशी त्याची गल्लत करू नये. मुंबईच्या क्लबचे प्रमाणपत्र आणि परीक्षेची तारीख नव्या प्रशिक्षकांना दाखवा; ते बहुधा काही आठवडे मुलाचा सराव पाहून त्याची पायरी ठरवतील. तोवर त्याला पांढरा बेल्ट बांधायला सांगितले, तर बांधू द्या. पुढे डॅनपर्यंत पोहोचल्यावर नोंद राष्ट्रीय संघटनेकडे होते, म्हणून भारतातले मूळ कागद फाईलमध्ये जपून ठेवा.