गाणारा कुठाय?

बँडला गायक नाही म्हटल्यावर रत्नागिरीत पहिला प्रश्न हाच येणार. चिडू नकोस. पहिल्या अर्ध्या मिनिटात कानात बसेल अशी धून गिटारवर दे, मग सात मिनिटांचा तुकडाही लोक ऐकतात.

आपली खरी लढाई खाऱ्या हवेशी. जूनमध्ये नवी तार चढवलीस तरी पंधरा दिवसांत बोटाला खरखर लागते. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पूस, गिटार केसमध्येच ठेव, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाक. जॅकला, म्हणजे गिटारची वायर खोचतो तिथे, हिरवा गंज चढला की आवाज तुटतो आणि आपण उगाच अ‍ॅम्पला, आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, शिव्या घालतो.

मंडपात जनरेटरवर वाजवायचं असेल तर आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघ. एकदा २३० च्या जागी २७० व्होल्ट दिसले, तसाच प्लग काढला. त्याच्या आदल्या वर्षी बघितलं नव्हतं. पेडलचा, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डबीचा, अ‍ॅडॉप्टर धुरात गेला. अर्थिंग नसलं तर स्पीकरमधून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळीच.

पैशाचं आधी बोल, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. "बघू नंतर" म्हणणाऱ्यासाठी सामान न्यायचा टेम्पो ठरवू नकोस. आणि ड्रमरशी भांडू नकोस, पंचक्रोशीत दुसरा मिळत नाही.