दिव्याला ओरडतो, विजेला गप्प

प्रश्न : आकाशातली वीज ओळखणाऱ्या एएस३९३५ चिपचं मॉड्यूल आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडून मी वीजशोधक बनवला आहे. खोलीतला एलईडी दिवा लावला की पडद्यावर 'डिस्टर्बर', म्हणजे वीज नसलेला अडथळा, असं उमटतं. गॅस लायटरच्या ठिणगीलाही तेच, 'वीज' असं कधीच दाखवत नाही. परवा आभाळ गडगडत होतं, तरी हा गप्प. चिप खराब आहे का?

उत्तर : लायटरवरून चिपला नापास करू नका. ही चिप ५०० किलोहर्ट्झच्या आसपासची रेडिओ लहर ऐकते आणि तिचा आकार विजेसारखा आहे का, हे तपासते. लायटरची ठिणगी तिने नाकारली म्हणजे अँटेना जिवंत आहे आणि तपासणीही चालू आहे.

गप्प राहण्याचं कारण मी आधी प्रोग्रॅममध्ये शोधेन. काही जाणवलं की चिप आयआरक्यू ही इशाऱ्याची पिन वर उचलते (तिच्यावरचा व्होल्टेज वाढवते) आणि तुम्ही चिपचं रजिस्टर, म्हणजे कारण नोंदलेला तिचा कप्पा, वाचेपर्यंत ती पिन वरच राहते. तुमचा प्रोग्रॅम पिन 'वर जाण्याची' वाट पाहत असेल आणि एखादं वाचन हुकलं, तर पुढची वीज त्याला कळणारच नाही. शिवाय पिन वर गेल्यावर २ मिलिसेकंद थांबून मगच वाचायचं. ही ओळ बरेच जण गाळतात. रशियन शास्त्रज्ञ पोपोव्हने १८९५ मध्ये दाखवलेल्या, विजेच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या यंत्रातही हाच प्रश्न होता. त्यातल्या लोखंडी किसाच्या नळीतून लहर आल्यावर एकदा विद्युतप्रवाह वाहू लागला की वाहतच राही, म्हणून घंटेचा हातोडाच नळीवर आपटून तिला पुन्हा ऐकतं करण्याची सोय त्याने केली. मला ती रचना फार आवडते.

आता दिवा. एलईडीचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अॅडॉप्टर हे सगळे स्विचिंग सप्लाय (वीजप्रवाह वेगाने चालू-बंद करणारे पुरवठे) रेडिओ गोंगाट करतात आणि दूरची वीज त्यात बुडून जाते. सगळं बॅटरीवर चालवा, मॉड्यूल आर्डुइनो आणि पडद्यापासून लांब ठेवा, मग खोलीतल्या वस्तू एकेक बंद करत पाहा. नॉइज फ्लोअरची, म्हणजे चिपने किती गोंगाट चालवून घ्यायचा याची, मर्यादा एकदम वर नेऊ नका. संदेश थांबतील, पण शोधकाचा कानही मंद होईल.

अँटेनाचा सूरही तपासा. तिची वारंवारता १६ ने भागून आयआरक्यूवर काढता येते, ती ३१.२५ किलोहर्ट्झच्या साडेतीन टक्क्यांच्या आत हवी. नसेल तर चिपमधला कपॅसिटर ८ पिकोफॅरडच्या पायऱ्यांनी, १२० पर्यंत, बदलत जा.

खरी परीक्षा वादळाच्या दिवशी, घरात बसून. बॅटरीवरचा एएम रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावा. वीज चमकली की त्यात 'खर्र' होतं. रेडिओ खरखरला आणि शोधकही बोलला, अशा वेळा शेजारी शेजारी लिहून ठेवा. रेडिओ वारंवार खरखरतो आणि शोधक गप्पच, असं झालं तरच चिपवर संशय घ्या.

जास्त अंतर मिळावं म्हणून अँटेनाची तार गच्चीवर मात्र नेऊ नका, ती थेट विजेला घरात आणू शकते. आणि पडद्यावरचं अंतर हा वादळाच्या पुढच्या कडेचा अंदाज आहे, त्या एका विजेचं माप नाही. गडगडाट कानावर आला की शोधक काहीही म्हणो, घरात यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

अँटेनाची मोजलेली वारंवारता आणि इंटरप्टचा, म्हणजे आयआरक्यूचा इशारा हाताळणारा, तेवढा कोड पाठवा, पुढच्या अंकात पाहू.