छोट्या बोटीतील हीटरसाठी इंधन कोणते?

प्रश्न : माझ्या सात मीटर लांबीच्या बोटीत दोघांना झोपता येईल एवढी केबिन आहे. थंडीत संध्याकाळी तासभर ऊब मिळावी म्हणून धुराडे नसलेला, उचलून नेता येईल असा छोटा हीटर घ्यायचा आहे. गॅस, रॉकेल आणि स्पिरिट यांपैकी कोणते इंधन निवडावे? गॅस सर्वांत स्वच्छ, असे मला सांगण्यात आले आहे.

उत्तर : गॅस स्वच्छ जळतो हे खरे; पण बोटीवर खरी भीती जळणाऱ्या गॅसची नसून गळणाऱ्या गॅसची असते. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड असल्यामुळे घरात दाराखालून निघून जाऊ शकणारी गळती बोटीत मात्र तळफळ्यांखाली, हौदात पाणी साचावे तशी साचून राहते आणि मग एखाद्या बटणाची ठिणगीही तिला पुरते. कायम बसवलेल्या यंत्रणेत सिलिंडर केबिनबाहेर, बुडातून थेट बोटीबाहेर निचरा होणाऱ्या कप्प्यात ठेवता येतो. उचलून नेण्याच्या हीटरला गॅसचा डबा चिकटलेलाच असतो. त्यात निव्वळ ब्युटेन असेल तर शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होईनाशी होते, म्हणजे ऐन थंडीत हीटर मंदावतो. म्हणून गॅस मी पहिल्यांदा बाद करीन.

स्पिरिटचा वास सुसह्य असतो आणि सांडलेले स्पिरिट पाण्याने धुऊन निघते. मात्र त्याची ज्योत भर उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हीटर विझला असे समजून गरम भांड्यात पुन्हा स्पिरिट ओतले जाते आणि भडका उडतो. त्याची वाफ नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. रॉकेलला त्यासाठी साधारण 38 अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. उष्णतेतही फरक आहे : एक लिटर स्पिरिट सुमारे 6 किलोवॅट-तास उष्णता देते, तर रॉकेल साडेनऊच्या पुढे.

ओलाव्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. रॉकेल असो वा स्पिरिट, एक लिटर जाळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने केबिनमध्येच राहते आणि थोड्या वेळाने खिडक्यांच्या काचांवरून ओघळू लागते. तेवढ्याच उष्णतेसाठी स्पिरिट जास्त जाळावे लागत असल्याने दमटपणाही त्याचाच अधिक.

त्यामुळे आपल्या तासाभराच्या गरजेसाठी मी रॉकेल निवडीन. त्याचा वास तेवढा सोसावा लागेल. वात सारखी कापलेली ठेवावी. ज्योत पिवळी होऊन काजळी धरू लागली, की हीटर लगेच विझवावा. टाकी हीटर पूर्ण गार झाल्यावर, केबिनबाहेर भरावी.

इंधन कोणतेही असले तरी बंद जागेत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. एक झरोका वर आणि एक खाली उघडा ठेवावा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा आणि झोपण्यापूर्वी हीटर विझवावा. कोळशाची शेगडी तर केबिनमध्ये आणूच नये, मग ती विझत आलेली का असेना. रात्रभर ऊब हवी असेल, तर ज्वलनासाठी बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, कायम बसवलेला डिझेल हीटर घ्यावा.