काळ्या कातळाची नावे

प्रश्न : हवाई बेटांवरील एका जुन्या पुस्तकात ‘कुला व्होल्कॅनिक सिरीज’ असे थराचे नाव वाचले, अलीकडच्या नकाशावर तेच ‘कुला व्होल्कॅनिक्स’ झालेले दिसले. सगळा काळा कातळच असताना त्यात वेगवेगळे थर ओळखतात कसे, आणि एकदा दिलेले नाव मध्येच बदलते का? (एक वाचक, वाई)

उत्तर : आधी नाव कशाला दिले जाते ते पाहू. स्तरविज्ञानात, म्हणजे खडकांच्या थरांचा क्रम लावणाऱ्या शास्त्रात, नाव मिळते ते नकाशावर दाखवता येईल आणि शेजारच्या खडकापासून डोळ्यांनी वेगळा काढता येईल अशा खडकांच्या गटाला. अशा मूलभूत गटाला फॉर्मेशन किंवा शैलसमूह म्हणतात. त्याचे पोटभाग ते मेंबर. नाव जवळच्या गावावरून, दरीवरून किंवा खाडीवरून घेतात, आणि तो खडक जिथे उत्तम उघडा पडला आहे अशी एक जागा नमुना म्हणून नेमून देतात, म्हणजे पुढे वाद झाला तर सर्वांनी तिथे जाऊन पाहावे.

हवाईतील बहुतेक नावे रूढ केली ती हॅरॉल्ड स्टर्न्स आणि गॉर्डन मॅक्डोनाल्ड या भूवैज्ञानिकांनी, आणि त्यामागचे कारण पाण्याचे होते. माऊई बेटावरील त्यांचा १९४२ चा अहवाल भूविज्ञानाइतकाच भूजलाचाही आहे, कारण कोणत्या थरातून पाणी झिरपते आणि कोणत्या थरावर ते अडते हे विहीर खणणाऱ्याला सांगायचे, तर थरांना आधी नावे हवीत. त्यांनी प्रत्येक गटाला ‘व्होल्कॅनिक सिरीज’ म्हटले. अडचण अशी की स्तरविज्ञानाच्या नियमांत ‘सिरीज’ हा शब्द ठरावीक कालखंडात साचलेल्या खडकांसाठी राखलेला आहे, तर हे गट कालावरून नव्हे, खडकावरून आखलेले होते. म्हणून १९८७ मध्ये लँगेनहाइम आणि क्लेग यांनी सर्व बेटांच्या नावांची फेरमांडणी करताना ‘सिरीज’ काढून टाकले. ज्या गटात जवळजवळ सगळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडकच आहे त्याला ‘कोओलाऊ बेसॉल्ट’सारखे नाव मिळाले; जिथे खडकांचे प्रकार मिसळलेले आहेत तिथे ‘व्होल्कॅनिक्स’ आले. आपण पाहिलेला बदल तो हाच. मूळ स्थलनाम, म्हणजे ‘कुला’, तसेच राहिले.

‘सगळा काळा कातळ’ हे मात्र लांबून पाहणाऱ्याचे मत झाले. हवाई बेटाच्या उत्तर टोकाला कोहाला हा जुना ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी पोलोलू दरीच्या परिसरात खालचे प्रवाह पातळ, काळे आणि एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे दिसतात. ते पोलोलू व्होल्कॅनिक्स. त्यांवर बसलेले हावी व्होल्कॅनिक्सचे प्रवाह जाड आणि राखाडी आहेत, कारण तो लाव्हा अधिक सिलिकायुक्त असल्याने घट्ट होता, दूर वाहत गेला नाही आणि जिथल्या तिथे साठला. ताजा फोडलेला तुकडा हातभिंगाखाली धरला तर पहिल्यात ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट कण पुष्कळदा सापडतात, दुसऱ्यात ते शोधावे लागतात. पुढची खात्री प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषणाने होते. (हावीतील या राखाडी खडकांची नावे आहेत म्युजिअराइट आणि बेन्मोराइट, म्हणजे स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील म्युजिअरी या वस्तीवरून आणि मल बेटावरील बेन मोर पर्वतावरून आलेली. थराला गाव हवाईचे आणि खडकाला गाव स्कॉटलंडचे, हा प्रकार या शास्त्रात कुणालाच खटकत नाही.)

आता नाव आणि त्यामागची कथा यांतला फरक, जो मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माऊईवरील हालेआकाला पर्वतात केआनाए आणि काउपो या दोन मोठ्या दऱ्या कुला खडकात खोल कोरल्या गेल्या आहेत आणि हाना व्होल्कॅनिक्सचे प्रवाह या दऱ्यांतून खाली उतरलेले आहेत. एवढी झीज व्हायला फार काळ लागला असणार, मधल्या काळात ज्वालामुखी झोपलेला असणार आणि हाना म्हणजे त्याचा पुनर्जन्म, असे स्टर्न्स आणि मॅक्डोनाल्ड यांनी मानले. तर्क चांगला होता. पण पुढे खडकांची वये मोजली गेली, तेव्हा कुलाचे सर्वांत वरचे प्रवाह सुमारे १.५ लाख वर्षांपूर्वीचे आणि हानाचे सर्वांत जुने प्रवाहही जवळपास तेवढेच निघाले. लांब विश्रांती नव्हतीच. त्यामुळे हानाला ‘पुनरुज्जीवित अवस्थे’तून बाहेर काढले गेले, परंतु ‘हाना’ हे नाव पुसावे लागले नाही, कारण ते दऱ्यांत प्रत्यक्ष पडलेल्या प्रवाहांना दिले होते, त्यांच्याविषयीच्या कल्पनेला नव्हे. खऱ्या पुनरुज्जीवनाचे उदाहरण ओआहू बेटावर आहे. तिथे कोओलाऊ ज्वालामुखी थंडावल्यानंतर दीर्घ काळाने होनोलुलू व्होल्कॅनिक्सचे उद्रेक झाले. पर्यटकांच्या परिचयाचे डायमंड हेड हे त्यांतलेच एक राखेचे शंकूविवर आहे.

प्रश्न : खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा नियम बेटावर सरळ लागू पडतो का? (त्याच वाचकाचा)

उत्तर : एका ज्वालामुखीपुरता पडतो, शेजारी दोन असले की जपावे लागते. ओआहूवर वाइआने पर्वताचा उतार आधीच झिजला होता. नंतर कोओलाऊचे प्रवाह पूर्वेकडून येऊन त्या उताराला टेकले आणि तिथे जवळजवळ आडवे साठले. त्यामुळे वाइआनेचे जुने खडक आजही कोओलाऊच्या प्रवाहांपेक्षा पुष्कळ उंचीवर आहेत. उंचीवरून वय सांगणारा इथे फसतो. कोण कोणाला टेकला आहे हे सांध्यावर जाऊन पाहावे लागते.

प्रश्न : सह्याद्रीतील थरांनाही अशी नावे आहेत का?

उत्तर : आहेत, आणि आपण वाईचे असल्याने ती आपल्या दारातच आहेत. सह्याद्री हे बेट नव्हे, पण पद्धत तीच. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना क्रमाने महाबळेश्वर, आंबेनळी आणि पोलादपूर हे तीन शैलसमूह लागतात, आणि या तिघांचा समावेश असलेल्या उपगटाला ‘वाई’ हेच नाव आहे. घाटात प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचे पट्टे दिसतात, त्यांना ‘बोल’ म्हणतात. मात्र या शैलसमूहांच्या सीमा त्या पट्ट्यांवरून नव्हे, मुख्यतः रासायनिक घटकांवरून आखलेल्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांची मांडणी निराळी आहे. त्यांनी प्रवाहांचे बाह्य रूप आणि मोठमोठ्या फेल्डस्पार स्फटिकांचे ओळखीचे थर यांवर भर दिला. ‘महाबळेश्वर’ हे नाव दोन्ही मांडण्यांत येते, तेव्हा एखाद्या नकाशावर ते दिसले तर तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे कोपऱ्यातल्या सूचीत आधी पाहून घ्यावे.