शंका येते म्हणजे विश्वास गेला का?

हा प्रश्न माझ्याकडे ठाण्यात बरेच जण घेऊन येतात पण पहिल्या भेटीत कोणी बोलत नाही, झोप लागत नाही, चिडचिड होते, ऑफिसात लक्ष लागत नाही असंच काहीतरी सांगतात. ही मुलगीही तशीच आली (तिला विचारून, ओळख बदलून लिहितेय). नोकरी ऐरोलीला आयटीत, घर कळव्यात, मूळचे नगरकडचे, आजोबांपासूनचं ख्रिस्ती घर. आई कॅन्सरने गेली त्याला वर्ष होत आलेलं.

मग एकदा बोलता बोलता म्हणाली, "ताई, मी हल्ली चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस) घेत नाही. आमची रांग उठली की मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसते, पप्पा एकटेच पुढे जातात."

का गं, विचारलं. तर म्हणे अयोग्य रीतीने घेतलं तर दंड आहे असं शास्त्रात लिहिलंय, आणि मला तर देव ऐकतो का इथूनच डाऊट आहे. आई आजारी असताना प्रार्थनेच्या ग्रुपवर रोज मेसेज यायचे, बरी झालीच आहे असं धरून चाला. आई गेली आणि त्यातल्याच एकीने बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन पाठवलं, संशय न धरता मागा, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो. म्हणजे काय, आई हिच्या डाऊटमुळे गेली? तसं सरळ कोणी म्हटलं नव्हतं पण हिने ते तसंच घेतलं, कोणीही घेतलं असतं.

मी आधी झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे सगळं विचारून घेते, कारण कधी कधी शंका म्हणून जे समोर येतं ते डिप्रेशन असतं आणि तिथे डॉक्टरच लागतो, नुसती वचनं देऊन चालत नाही. हिचं तसं नव्हतं. दुःख होतं, आणि भीती.

भीती शास्त्रातून आलेली म्हणून शास्त्रच उघडलं. याकोबाच्या त्या वचनाच्या लगेच वरचं ५ वं वचन तिलाच वाचायला लावलं, तिथे विषय ज्ञान मागण्याचा आहे, कोणाची आई का गेली याचा हिशोब नाहीये. आणि दंडाचं ते वाक्य जिथे आहे त्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात प्रेषित पौल चिडलाय तो आधीच खाऊनपिऊन घेणाऱ्यांवर, ज्यांच्यामुळे मंडळीतले गरीब उपाशी राहायचे. शंका असणाऱ्यांचं तिथे नावही नाही. "हे संडे स्कूलमध्ये कोणी सांगितलंच नाही," म्हणाली, जरा रागानेच.

या विषयात सगळे थोमाचं, येशू पुन्हा उठला यावर शंका घेणाऱ्या शिष्याचं, नाव घेतात, मला मात्र बाप्तिस्मा करणारा योहान जवळचा वाटतो. त्याच्या नावाचं जुनं चर्च आपल्या ठाण्यात आहे. ज्याने येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा दिला, हा पाहा देवाचा कोकरा म्हणाला, तोच माणूस हेरोदाच्या तुरुंगात पडल्यावर शिष्यांना पाठवून विचारतो, येणारा तो (म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा) तूच की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? मत्तयाच्या शुभवर्तमानात, ११ व्या अध्यायात आहे. येशू त्याला झापत नाही, आंधळे बघतायत, लंगडे चालतायत ते जाऊन सांगा म्हणतो आणि वर लोकांसमोर त्याचं कौतुक करतो. पण योहान सुटला नाही, तिथेच मारला गेला. हा भाग मी गाळत नाही. आई का गेली ते मलाही माहीत नाही, हेही तिला सांगितलं. फक्त एवढं म्हटलं की योहानाने शंका ज्याच्याबद्दल होती त्यालाच विचारली, तू मात्र ती पर्समध्ये घालून बसलीयेस.

(आपल्या मराठी मंडळीची गंमत बघा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधल्या वर्षांत त्यांनी घातलेला वाद आपण अभिमानाने सांगतो आणि घरातल्या पोरीने एक प्रश्न विचारला की गप्प बस.)

मग मार्कच्या शुभवर्तमानात ९ व्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची प्रार्थना दिली, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." जमेल तेव्हा एवढीच कर आणि देवावर राग आला तर तोही त्यालाच सांग, चांगल्या भाषेत नको. पहिल्या आठवड्यात म्हणे नुसतं भांडलेच.

आता प्रभुभोजन घेते, दर वेळी नाही. तो ग्रुप सोडलाय. आई का गेली हा प्रश्न आहे तिथेच आहे. पप्पा मात्र तेव्हापासून या विषयावर एक शब्द बोललेले नाहीत, पुढच्या वेळी त्यांना घेऊन येते म्हणालीय.