पीएससीसाठी यकृत प्रत्यारोपण झाल्यावर भावाचा अल्सरेटिव्ह कोलायटिसही (मोठ्या आतड्याचा दाह) बरा होईल का?

नाही, तशी आशा धरू नका. पीएससी म्हणजे पित्तनलिका आक्रसत जाण्याचा आजार. त्याच्या साधारण ७० टक्के रुग्णांना आतड्याचा दाह असतोच. प्रत्यारोपणाने यकृत नवं मिळतं, आतडं तेच राहतं. काहींचा कोलायटिस नंतर शांत होतो, काहींचा उलट उसळतो.

म्हणून पोट ठणठणीत असलं तरी दरवर्षीची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) चुकवू देऊ नका. पीएससी आणि कोलायटिसच्या या जोडीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो आणि नव्या यकृताने तो संपत नाही. लोक नेमकी हीच तपासणी टाळतात!

टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेलं औषध, रोज ठरल्या वेळी. त्याची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी मात्र गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावरच घ्यायची. गणपतीत घरात पपनस येतं, ते त्याला नको. औषधाची पातळी चढू शकते. अंगदुखीला आयबुप्रोफेनही मनाने नको, मूत्रपिंडाला जड जातं.

जुलाब लागले तर घरगुती उपाय करत बसू नका, प्रत्यारोपणाच्या टीमला फोन करा. कोलायटिस, जंतुसंसर्ग की औषधाचा परिणाम, हे तपासल्याशिवाय कळत नाही. शिवाय जुलाबातही टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते.